शांतता! कोल्हापूर चालू आहे

कोल्हापूरच्या माणसाला हळू बोलता येत नाही, असा एक समज पुण्याकडे आहे. तो खरा आहे. आमच्याकडे एखादी गोष्ट कानात सांगितली, की ती शेजारच्या चार घरांना कळते आणि पाचव्या घरातून तिच्यावर मत येतं. 'या की राव, च्या घ्या,' हे आम्ही इतक्या जोरात म्हणतो, की परगावचा पाहुणा आधी दोन पावलं मागे सरतो आणि मग चपला काढतो.

अशा या गावात मराठी बोलपट जन्माला आला. ज्या धंद्यात कामाला सुरुवात करण्यापूर्वी 'सायलेन्स' म्हणून ओरडावं लागतं, तो धंदा आमच्या पूर्वजांनी हौसेने अंगावर घेतला. चित्रपटाच्या इतिहासावर विद्वानांनी पुष्कळ लिहिलं आहे. पण चित्रीकरण चालू असताना मधेच कावळा ओरडला तर काय करायचं, या प्रश्नाला त्यांनी द्यावा तेवढा मान दिलेला नाही. म्हणून हे काम माझ्याकडे आलं. मी बी. कॉम. आहे आणि बँकेत कारकून आहे. इतिहासाशी माझा संबंध जुन्या थकबाकीपुरताच येतो. पण गोंगाटात काम करण्याचा अनुभव म्हणाल, तर नोटा मोजण्याचं यंत्र, पासबुक छापण्याचं यंत्र आणि पेन्शनरांची पहिली तारीख या तिन्ही आवाजांत मी गेली वीस वर्षं बेरजा करतो आहे.

सुरुवात मूकपटापासून करू. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली त्यांचा 'सैरंध्री' पडद्यावर आला. कॅमेराही त्यांनी स्वतः घडवला होता. लोकमान्यांनी त्यांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. मूकपट हे नाव फार फसवं आहे. मुका असायचा तो पडदा. ज्या जागी चित्रपट तयार होई, तिथे बोलायला कसलीच आडकाठी नव्हती. दिग्दर्शकाने कॅमेऱ्याशेजारी उभं राहून 'आता रागाव, आता रड, जरा डावीकडं बघून रड' असं खुशाल ओरडावं. सुतारांनी पलीकडे पुढच्या प्रसंगाचा राजवाडा ठोकावा. कॅमेरा हाताने फिरवायचा, त्याने शेवयांच्या यंत्रासारखा आवाज करावा. द्रौपदी संकटात असताना बाहेर म्हैस हंबरली, तर ते म्हैस आणि द्रौपदी या दोघींचं खाजगी प्रकरण होतं. प्रेक्षकांपर्यंत जाण्याचं कारण नव्हतं. कोल्हापूरकरांच्या स्वभावाला हा धंदा इतका मानवला, की तो इथे रुजला यात नवल नाही.

आणि मग १९३१ साल उजाडलं. १४ मार्चला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये अर्देशीर इराणींचा 'आलम आरा' लागला आणि चित्रं बोलायला लागली. पण ती बोलावीत यासाठी इराणींना काय सोसावं लागलं, ते ऐकण्यासारखं आहे. त्यांचा स्टुडिओ होता आगगाडीच्या रुळांजवळ. दर थोड्या मिनिटांनी गाडी. नायिका 'प्राणनाथ' म्हणणार, तेवढ्यात लोकल तिच्या आधी बोलणार. तेव्हा इराणींनी पुष्कळसं चित्रीकरण गाड्या थांबल्यावर, म्हणजे रात्री एक ते चारच्या दरम्यान उरकलं. एक ते चार शांतता पाळायची ही प्रथा पुढे पुणेकरांनी दुपारी सुरू केली, असं माझं संशोधन आहे.

या 'आलम आरा'चा नायक मास्टर विठ्ठल आमच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत उमेदवारी केलेला. बोलपटात काम करता यावं म्हणून आधीच्या कंपनीशी त्याचं कोर्टात भांडण झालं आणि बॅरिस्टर जीनांनी त्याची बाजू मांडली. एवढं करून बोलपटात शिरल्यावर त्याची उर्दू अशी निघाली, की त्याला बराच वेळ बेशुद्धावस्थेत ठेवावं लागलं, असं सांगतात. बोलपटातली पहिली अडचण गाडीची आणि दुसरी भाषेची. तिसरी माइकची. तो कुणाला दिसता कामा नये म्हणून नटांच्या आसपास कुठेतरी लपवायचा आणि त्याला ऐकू जावं म्हणून नटांनी त्याच्याभोवतीच घुटमळायचं. अमेरिकेतही हीच तऱ्हा. तिथे कॅमेऱ्याची घरघर माइकला ऐकू जाऊ नये म्हणून कॅमेरा आणि कॅमेरामन या दोघांनाही कपाटाएवढ्या बंद पेटीत कोंडत. कॅमेरामन शॉट संपल्यावर घामाघूम होऊन बाहेर पडे. १९५२ च्या 'सिंगिंग इन द रेन' या इंग्रजी चित्रपटात या सगळ्या तारांबळीची मनसोक्त टिंगल केलेली आहे.

माइक नावाचा प्राणी नेमका कसा असतो, हे इथे समजून घ्यायला हवं. आपला कान मोठा व्यवहारी असतो. बायको बोलत असताना पेपर वाचता येतो, तो कानाच्या या गुणामुळे. हवं ते घ्यायचं, नको ते सोडायचं, हे काम कानामागे बसलेला मेंदू परस्पर करतो. माइकला मेंदू नसतो. तो ऑडिटरसारखा आहे. लाखाचा व्यवहार आणि साडेतीन रुपयांचा फरक या दोन्ही गोष्टी तो सारख्याच गांभीर्याने टिपून ठेवतो. हरिश्चंद्राचा विलाप आणि मागच्या बाजूला कुणीतरी खाकरलं, ही दोन्ही त्याच्या लेखी ध्वनीच.

हरिश्चंद्राचं नाव मुद्दामच घेतलं. १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर ही महाराष्ट्र फिल्म कंपनीतली मंडळी बाहेर पडली आणि सीतारामपंत कुलकर्णींना बरोबर घेऊन त्यांनी कोल्हापुरातच 'प्रभात' काढली. बोधचिन्ह काय, तर तुतारी फुंकणारी स्त्री. ज्या घराच्या दारावरच तुतारी, त्या घरात शांतता पाळायची! पण त्यांनी ती पाळली. ६ फेब्रुवारी १९३२ ला 'अयोध्येचा राजा' मुंबईत झळकला. हरिश्चंद्र गोविंदराव टेंबे, तारामती दुर्गा खोटे, आणि आवाज टिपायला विष्णुपंत दामले.

दामल्यांबद्दल मला विलक्षण आदर आहे. हा मनुष्य मुळात चित्रकार. पेंटरांच्या हाताखाली पडदे रंगवता रंगवता यंत्रात शिरलेला. ध्वनिमुद्रणाचं शिक्षण देणारी शाळा तेव्हा कुठली असायला? यंत्र आलं, पेटी उघडली आणि कामाला लागले. मूकपटात कॅमेरा हाताने कमीजास्त फिरला तर नट जरा लगबगीने चाले, एवढंच. बोलपटात फिल्म सेकंदाला बरोबर चोवीस चित्रं या ठेक्याने जायला हवी. ठेका चुकला की राजा हरिश्चंद्राचा आवाज बालगंधर्वांकडे झुकणार. त्यात हा चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत एकदमच केला. म्हणजे एकच प्रसंग दोनदा. मराठीत शॉट निर्विघ्न पार पडावा आणि हिंदीत नेमका कावळा बोलावा. कावळ्याला दोन्ही भाषा सारख्याच.

गाण्यांची कथा तर याहून बिकट. गाणं आधी मुद्रित करून नंतर नुसते ओठ हलवायची सोय आपल्याकडे १९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने आणली. तोवर नटाने कॅमेऱ्यासमोर खरोखरच गायचं आणि वादकांनी कॅमेऱ्याच्या नजरेआड, पण माइकच्या कानाच्या पल्ल्यात बसून वाजवायचं. शेवटच्या कडव्याला कुणाला शिंक आली, की गाणं पुन्हा पहिल्यापासून. फिल्म तर फुटावर विकत घ्यायची. एका शिंकेची किंमत रुपये-आणे-पैशांत काढता येत असे. ती कुणाच्या खाती टाकत, ते मात्र कळायला मार्ग नाही.

त्या काळचं कोल्हापूर डोळ्यांपुढे आणा. मोटारी कमी, हे खरं. पण आवाजाच्या बाबतीत गाव स्वयंपूर्ण होतं. बैलगाड्या, टांगे, अंबाबाईच्या देवळातली घंटा, गल्लोगल्ली तालमी. तालमीत एखादा गडी शड्डू ठोकतो तेव्हा जो आवाज होतो, तो अचानक होणाऱ्या मोठ्या आवाजाचा आदर्श नमुना म्हणून पाठ्यपुस्तकात घालावा. आणि तो थांबवायला जाणार कोण? 'पैलवान, जरा शांततेत ठोका,' असं म्हणणारा सहायक दिग्दर्शक मला तरी डोळ्यांपुढे आणता येत नाही. १९३३ मध्ये 'प्रभात' पुण्याला गेली. त्याची कारणं धंद्याची होती. पण पुण्याचं एक ते चार कुणाच्या मनात मुळीच नसेल, असं मी म्हणणार नाही. त्याच जागेत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट निघाली आणि जे दामले पेटी उघडून शिकले, ते पोरं वर्गात बसून शिकू लागली.

या सगळ्या शांततेच्या कारभारात एकच मोठा आवाज अधिकृत आहे. तो क्लॅपचा. पुष्कळांना वाटतं, ती पाटी म्हणजे चित्रपटाचा नारळ. तसं नाही. चित्र एका फिल्मवर आणि आवाज दुसरीवर टिपायला लागल्यावर दोन्हींचा मेळ घालायचा कसा, हा प्रश्न आला. उत्तर अगदी वाण्याच्या दुकानातलं. फळी आपटताना जिथे दिसते ते चित्र आणि फट् असा आवाज जिथे लागतो ती जागा, या दोन जोडल्या की पुढचा सगळा हिशेब जुळतो. दोन खातेवह्यांतली एक समान नोंद सापडली, की बाकीचा ताळा आपोआप लागतो, हे आम्ही बँकवाले रोज करतो. फक्त आम्हाला फळी आपटायला देत नाहीत.

नको असलेल्या आवाजावरही इलाज निघत गेले. आवाज दोन वाक्यांच्या मधे पडला असेल तर कात्रीने काढायचा. पण फिल्म जोडलेल्या ठिकाणी पुन्हा 'टक्' असा नवाच आवाज येई. का, तर त्या काळी आवाज म्हणजे फिल्मच्या कडेला उमटवलेली उजेड-काळोखाची पट्टी. तिच्यात जोड आला की उजेडाला ठेच लागायची. मग त्या जोडावर काळ्या शाईने त्रिकोणी ठिपका द्यायचा. उजेड हळूहळू कमी, हळूहळू जास्त; टक् गायब. शाईचा डाग पाडून शांतता निर्माण करणारा हा एकमेव धंदा असावा. आमच्याकडे लेजरमध्ये शाईचा डाग पडला, की शांतता संपते.

पुढे धंद्याने फार सोपा मार्ग काढला: तिथला आवाज टिपायचाच नाही. बाहेर रानावनात चित्रीकरण वाढलं. हलके कॅमेरे आले, पण ते इतके घरघरत की मूकपटाच्या शेवयांची आठवण व्हावी. मग जागेवरचा आवाज नुसता खूण म्हणून ठेवायचा आणि नंतर बंद खोलीत पडद्यावर तोच तुकडा पुनःपुन्हा फिरवून नटाने ओठ जुळवत बोलायचं. त्याला डबिंग म्हणतात. माळावर उन्हात धावून दमलेला नायक दोन महिन्यांनी थंडगार खोलीत चहा पिऊन दमू लागला. घोड्याच्या टापा नारळाच्या करवंट्यांतून निघू लागल्या. कावळ्याचा त्रास संपला, यात शंका नाही. पण कावळ्याबरोबर आणखीही काहीतरी गेलं. मोकळ्या रानात मारलेल्या हाकेला जी एक पोकळी असते, ओल्या भिंतीच्या खोलीत आवाज जसा जाड होतो, ते सगळं गेलं. पन्हाळ्याचा तट असो की दाजीपूरचं जंगल, सगळीकडे एकाच खोलीतली हवा. २००१ च्या 'लगान'मध्ये पुन्हा जागेवरच आवाज टिपला, तेव्हा लोकांनी त्याचं कौतुक केलं. दामले ज्याच्यापासून सुरुवात करून गेले, तिथे येऊन पोचायला इतकी वर्षं लागली.

आता जागेवर आवाज टिपणं म्हणजे काय, हे मी आमच्याच गल्लीत पाहिलं आहे. एका मालिकेचं चित्रीकरण आमच्या समोरच्या वाड्यात चार दिवस होतं. सगळ्या लवाजम्यात एक पोरगेलासा मुलगा कानांवर मोठे डबे लावून कोपऱ्यात बसे. तो साऊंडवाला. दिग्दर्शकाला दिसतं तेवढंच कळतं; या मुलाला आख्खी गल्ली कळत होती.

"तिसऱ्या घरात पंप चालू आहे," तो डोळे मिटून म्हणाला.

माणूस धावला. पंप बंद.

"कुणाचा तरी फ्रीज."

फ्रीज आमचा. आमच्या सौभाग्यवतींनी तो बंद केला आणि दूध फुटलं तर कंपनीकडून घेईन, असं मला बजावलं.

"आता कुकर लागलाय कुठंतरी."

तोही आमचाच. "दोन शिट्ट्या झाल्या, तिसरी राहिलीय," असा खुलासा खिडकीतून गेला. युनिटचे चाळीस लोक तिसऱ्या शिट्टीची वाट बघत उभे राहिले. आमच्या लग्नातसुद्धा मुहूर्ताची इतक्या एकाग्रतेने कुणी वाट पाहिली नव्हती.

त्याच्या मदतनिसाच्या हातात लांब काठी आणि काठीच्या टोकाला केसाळ झूल घातलेला माइक होता. वाऱ्याची फडफड आत जाऊ नये म्हणून ती झूल. शेजारच्या आक्कांनी विचारलं, "हे काय गा?" तो म्हणाला, "आक्का, ह्याला आमच्यात मेलेलं मांजर म्हणतात." आक्कांनी पदर तोंडाला लावला आणि दुपारभर दार लावून घेतलं. तेवढाच एक आवाज कमी झाला.

अचानक फटाका वाजला तर काय करता, असं मी त्याला विचारलं. तो समजुतीने बोलला. पहिला नियम, माइक बोलणाऱ्याच्या जितका जवळ नेता येईल तितका न्यायचा. म्हणजे बाकीचं जग आपोआप लांब जातं. दुसरा, तोच आवाज शेजारच्या पट्टीवर जरा हलका टिपून ठेवायचा. मोठ्या दणक्याने पहिली पट्टी फाटली, तर दुसरी शाबूत राहते. आता तर कुजबुज आणि सुतळी बॉम्ब या दोन्ही गोष्टी न फाटता पोटात घेणारी यंत्रं आली आहेत. "पण काका," तो म्हणाला, "आवाज फाटला नाही म्हणजे फटाका गेला असं नाही. तो वाक्यावर पडला तर पडलाच. मग नटांना उठू द्यायचं नाही. कॅमेरा बंद करून, तेवढंच वाक्य लगेच, त्याच जागी, त्याच श्वासात पुन्हा बोलवून घ्यायचं." मला हा माणूस एकदम आवडला. चूक दिसली की तिथल्या तिथे, तारीख बदलायच्या आत दुरुस्त करायची, हे तत्त्व आमच्याकडे मॅनेजर लोकांनाही पटवावं लागतं.

संध्याकाळी काम आटोपल्यावर तो म्हणाला, "आता सगळ्यांनी अर्धा मिनिट गप्प बसायचं. मला शांतता रेकॉर्ड करायचीय."

मला वाटलं, थट्टा करतो आहे. पण नाही. प्रत्येक जागेची शांतता वेगळी असते म्हणे. दोन वाक्यांमधला फटाका कापून काढला, की तिथे भोक पडतं. नुसती कोरी पट्टी लावली तर प्रेक्षकाच्या कानाला एकदम खड्ड्यात पडल्यासारखं होतं. म्हणून त्याच जागेची शांतता आणून तिथे ठिगळ लावायचं. मग आमची गल्ली अर्धा मिनिट गप्प बसली. कोल्हापुरातली आख्खी गल्ली! मी पहिल्यांदाच ऐकलं, की आमच्या पिंपळाला आवाज आहे. लांब कुठेतरी धार काढायला म्हशी उभ्या केल्या होत्या, त्यांच्या घुंगुरमाळा होत्या. त्याहून लांब रंकाळ्याच्या बाजूला कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं. तो सगळा ऐवज त्या पोराच्या डबीत गेला आणि त्याच्यावर त्याने आमच्या गल्लीचं नाव लिहिलं.

तेव्हापासून मला जुन्या चित्रपटांची वेगळीच काळजी लागली आहे. 'सैरंध्री' आज नाही. 'आलम आरा' नाही. रात्री एक ते चार जागून टिपलेल्या त्या आवाजातला एक उसासाही शिल्लक नाही. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या दंगलीत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. तयार होत असलेला 'मीठ भाकर' त्यात गेला. भालजींनी तो पुन्हा उभा केला. पण पहिल्या वेळी नटांनी ते शब्द ज्या सुरात उच्चारले, तो सूर राखेतून कसा काढणार? आमच्याकडे पाच रुपयांचं व्हाउचरसुद्धा ठरलेली वर्षं होईपर्यंत नष्ट करत नाहीत. माणसांच्या आवाजांना तेवढीही मुदत मिळाली नाही.

या सगळ्या नुकसानीत एक खातं मात्र जमेत राहिलं. 'अयोध्येचा राजा' आहे. आज जे भारतीय बोलपट हाती उरले आहेत, त्यांत तो सर्वांत जुना मानतात. म्हणजे या देशाच्या पडद्याचा जो सर्वांत जुना आवाज आज ऐकता येतो, तो मुंबईचाही नाही आणि कलकत्त्याचाही नाही. तो आमच्या कोल्हापुरात टिपलेला आहे. तो ऐकताना लोक कुरकुरतात: केवढी खरखर आहे म्हणे! असणारच. नव्वदीच्या पुढचा म्हातारा बोलताना घसा थोडा खरखरायचाच.

मी तो ऐकतो तेव्हा हरिश्चंद्राकडे जरा कमी लक्ष देतो. वाक्य संपतं आणि पुढचं सुरू व्हायचं असतं, त्या मधल्या जागेत कान देतो. त्या खरखरीत बरंचसं यंत्राचं असेल, काही फिल्मच्या वयाचं असेल. पण ती फिल्म फिरत होती तेव्हा तिच्याभोवती हवा कोल्हापूरची होती. दामल्यांनी त्या वेळी हात वर करून सगळ्यांना गप्प बसवलं असणार. सुतार हातोडा हवेत धरून थांबले असतील, तबलजीने खोकला गिळला असेल, आणि दारावरच्या माणसाने एखाद्या गाडीवानाला 'जरा थांबा की मालक' म्हणून विनवलं असेल. एवढी माणसं गप्प बसली, म्हणून दोन माणसांचं बोलणं इतक्या वर्षांनी आपल्यापर्यंत आलं.

कोल्हापूरकर केव्हाच गप्प बसत नाहीत, हा आरोप मी आजपर्यंत मान्य करत आलो. यापुढे मात्र पुरावा दाखवीन. जरा जोरात बोलून दाखवीन, इतकंच.